हौसाचा पांगारा

तिचं नाव हौसा. नाव ठेवणाऱ्यांनी हौसेनं नाव ठेवलं खरं, पण हौसाची एकही हौस कधी पुरी झाली नव्हती. पायांत चपला नव्हत्या. परकराला इतकी ठिगळं होती, की मूळचं कापड कुठलं ते शोधून काढावं लागे. ती रांगत होती तेव्हाच तिचे बाबा देवाघरी गेले होते. सोनटेकडीच्या पायथ्याशी एका इवल्याशा झोपडीत हौसा आणि तिची आई अशा दोघीच राहायच्या. झोपडीच्या छपराला भोकं होती. सकाळी त्या भोकांतून उन्हाचे पिवळेधमक ठिपके आत यायचे आणि हौसा ते तळहातावर झेलायची. तिच्याजवळ खेळायला तेवढंच होतं.

आणि हौसाजवळ आणखी एक गोष्ट होती. राग.

असला-तसला राग नव्हे. कुणी तिला उपाशी ठेवलं, तर ती गप्प बसायची. कुणी तिच्या ठिगळांना हसलं, तर मान खाली घालून निघून जायची. पण कुणी कुत्र्याच्या पिल्लाला दगड मारला, की हौसाच्या इवल्या मुठी वळायच्या आणि ती धावत जाऊन त्याच्यासमोर उभी राहायची. "का मारलंस? त्यानं तुझं काय घेतलं होतं?" समोरचा कितीही मोठा असो, हौसा उत्तर मिळाल्याशिवाय हलायची नाही.

आई म्हणायची, "हौसे, गरिबाच्या लेकीनं राग गिळायला शिकावं. तो बाहेर काढणं आपल्याला परवडत नाही गं."

हौसा गिळून बघायची. पण राग म्हणजे काही भाकरीचा तुकडा नव्हे. तो घशातच अडकून बसायचा.

सोनटेकडीच्या माथ्यावर मदालसाबाईसाहेबांचा पांढराशुभ्र महाल होता, आणि महालाभोवती त्यांची बाग. हौसाची आई त्या बागेत झाडलोट करायची आणि हौसा तिच्या हाताखाली कचऱ्याची टोपली उचलायची. ही बाग बघायला लोक लांबून लांबून यायचे, कारण तिथली फुलं काचेची होती.

हो, काचेची. पूर्वी तिथं खरी झाडं होती. पण खरी फुलं कोमेजतात, खाली पडतात, त्यांना मुंग्या लागतात. बाईसाहेबांना ते खपत नसे. म्हणून त्यांनी झाडं उपटून टाकली आणि कारागीर बोलावून चांदीच्या तारांची झाडं घडवून घेतली. त्यांवर गुलाबी काचेची फुलं, जांभळ्या काचेची फुलं, मधाच्या रंगाच्या काचेच्या इटुकल्या कळ्या. ऊन पडलं की सगळी बाग लखलखायची, वारा आला की किणकिण वाजायची. बाग सुंदर होती, खोटं कशाला बोलू. पण तिथं एकही फुलपाखरू फिरकत नव्हतं.

एकच खरं झाड राहिलं होतं. विहिरीला सावली हवी म्हणून कोपऱ्यातला म्हातारा पांगारा तेवढा ठेवला होता.

पांगारा कसा असतो, तेही सांगते. थंडी सरत आली, की त्याची पानं गळून पडतात. उरतात नुसत्या राखाडी, काटेरी फांद्या. बघणाऱ्याला वाटतं, संपलं हे झाड. आणि मग एके दिवशी फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे तुरे फुटतात, आणि बघता बघता सगळं झाड लाल, लाल, लालेलाल होऊन जातं. हिरवं पान औषधाला सापडत नाही, नुसती फुलं. त्या दिवसांत रानात दुसरं काही खायला नसतं. ओढे आटलेले, गवत वाळलेलं, फळं पिकायला अजून अवकाश. तेव्हा पांगारा आपली फुलं गोड रसानं भरून ठेवतो आणि सगळ्यांना जेवायला बोलावतो. मग येतात मैना आणि बुलबुल, पिवळाजर्द हळद्या, काळा कुळकुळीत कोतवाल, अंगठ्याएवढा निळाजांभळा शिंजीर. येतात खारूताया, येतात मधमाश्या. असा कलकलाट, अशी धांदल, की जणू पाखरांच्या घरी लग्न.

त्या वर्षी पांगाऱ्याला कळ्या धरल्या आणि पहिली चार फुलं गळून बाईसाहेबांच्या संगमरवरी चौथऱ्यावर पडली. पांढऱ्या दगडावर लाल डाग पडले. त्याच सकाळी दोन मैनांनी खिडकीशी भांडण करून बाईसाहेबांची झोप मोडली. बाईसाहेबांनी हुकूम सोडला, "तोडून टाका ते झाड."

बागेचे माळी म्हाळूकाका कुऱ्हाड घेऊन आले. हौसानं हातातली टोपली टाकली आणि ती झाडाला पाठ लावून उभी राहिली. पाठीला काटे टोचत होते, तरी ती हलली नाही.

"काका, का तोडता?"

"हुकूम आहे पोरी. चौथऱ्यावर डाग पडतात म्हणे."

"डाग मी पुसते. रोज पुसते. दिवसातून दहादा पुसते."

म्हाळूकाकांनी मान खाली घातली. तेवढ्यात वरच्या सज्जात बाईसाहेब येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या जरीच्या पदराची चमक खालपर्यंत येत होती.

"कोण ती मुलगी?"

हौसानं वर बघितलं. "बाईसाहेब, फुलं खाली पडली म्हणून कुणी झाड तोडतं का? फूल पडायचंच. पाखरांनी कुठं जायचं मग?"

"पाखरं काय माझ्या घरची पाहुणी आहेत?" बाईसाहेब म्हणाल्या. "झाड माझं आहे. मी ठेवीन, नाहीतर सरपण करीन."

आईनं हौसाचा हात धरला आणि तिला ओढत बाजूला नेलं. कुऱ्हाडीचे घाव पडू लागले. पांगाऱ्याचं लाकूड मऊ असतं, फार वेळ लागला नाही. म्हातारं झाड कळ्यांसकट आडवं झालं.

फांद्या झाडलोट करणाऱ्या बायांना चुलीसाठी वाटून टाकल्या. हौसाच्या आईच्या वाट्याला आलेल्या मोळीत एक फांदी होती, हौसाच्या दंडाएवढी जाड, टोकाला कळ्यांचा तुरा असलेली. हौसानं ती चुलीपाशी जाऊच दिली नाही. झोपडीच्या मागं सावलीत टेकवून ठेवली. तिचं पुढं काय करायचं हे मात्र तिला ठाऊक नव्हतं.

मग पाखरं आली. दरवर्षी यायची तशीच आली, डोंगरापलीकडून, उपाशी पोटी. विहिरीवर घिरट्या घातल्या, पांगारा सापडेना. खाली बघितलं तर सगळीकडे रंगीबेरंगी फुलं चमकत होती. पाखरं त्यांच्यावर उतरली. टक, टक, टक. चोची काचेवर आपटल्या. एका फुलावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. टक, टक. सज्जात बसून बाईसाहेब पाहुण्यांना म्हणाल्या, "बघा, माझी फुलं इतकी हुबेहूब, की पाखरंसुद्धा फसली." आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मुलांनो, टाळ्या वाजवल्या त्यांनी. उपाशी पाखरांकडे बघून.

एक चिमुकला शिंजीर एका जांभळ्या फुलावर इतक्या जोरानं आपटला, की गरगरत हौसाच्या पायाशी पडला. त्याची बाकदार, सुईसारखी चोच टोकाला चिरली होती. हौसानं त्याला ओंजळीत घेतलं. त्याचं काळीज तिच्या तळहातावर धडधड, धडधड करत होतं. ती त्याला घेऊन विहिरीजवळ, पांगाऱ्याच्या खोडाशी जाऊन बसली. खोड नुसतं गुडघ्याएवढं उरलं होतं.

आणि त्या खोडावर कुणीतरी आधीच बसलं होतं.

वीतभर उंचीची परी होती ती. लाल मखमली पाकळ्यांचा झगा, त्याची झालर फाटलेली. चतुरासारखे पातळ, तांबूस झगमगते पंख, त्यातला एक चुरगाळलेला. कुरळ्या केसांत खोचलेल्या पांगाऱ्याच्या तीन कळ्या. चेहरा लालबुंद, आणि दोन्ही टाचा ती खोडावर आपटत होती.

"रडू नकोस," परी म्हणाली.

"मी रडत नाही," हौसा म्हणाली. "मला राग आलाय."

"बरं झालं. मलाही आलाय." परी थोडी सरकली आणि तिनं हौसाला जागा करून दिली. "हे माझं घर होतं. माझी सगळी जादू या झाडाच्या फुलांत असायची. आता केसांत या तीन कळ्या उरल्या आहेत. म्हणजे तीन इच्छा. तुझ्या पाठीला काटे टोचले तरी तू हलली नाहीस, ते मी बघितलंय. म्हणून या तिन्ही तुला दिल्या."

हौसानं आपल्या ठिगळांच्या परकराकडे बघितलं. मग ती हळूच म्हणाली, "मला एक लाल परकर..."

"थांब. आधी नियम ऐक. स्वतःसाठी काही मागायचं नाही. दुसऱ्या कुणावर अन्याय झाला आणि तो बघून तुला राग आला, तरच कळी उमलेल. आणि कुणाचं वाईट मागायचं नाही. कितीही मागावंसं वाटलं तरी नाही."

हौसानं परकराचा विचार मुकाट्यानं सोडून दिला. तिनं ओंजळ पुढं केली. "मग याची चोच बरी कर. यानं कुणाचं काही बिघडवलं नव्हतं."

परीच्या केसांतली एक कळी हळूहळू उमलली. लाल, मग सोनेरी, मग नुसता उजेड. तो उजेड शिंजिराच्या चोचीवर दवासारखा ठिबकला आणि विरून गेला. शिंजिरानं डोळे उघडले, पंख फडफडवले आणि भुर्रकन उडाला.

"आता झाड परत उभं कर," हौसा म्हणाली. "हे पाखरांसाठीच मागतेय. नियमात बसतं."

परीनं मान हलवली. "जादूनं मी झाड उभं करीनही. पण ते त्या चांदीच्या झाडांसारखंच होईल. दिसायला फुलं, आत रस नाही. रस मातीतून येतो हौसा, आणि मातीपुढं माझं काही चालत नाही."

"मग कसली गं परी तू?" हौसा चिडून म्हणाली. "झाड तोडायला एक सकाळ पुरते आणि उभं करायला परीलाही येत नाही? हा कुठला न्याय?"

"न्याय नाहीच हा. म्हणून तर मी टाचा आपटतेय." परीनं पंख सावरला. "पण पांगाऱ्याची एक गंमत आहे. त्याची ताजी फांदी मातीत लावली, तर ती मुळं धरते. फक्त सगळ्या फांद्या चुलीत गेल्या."

हौसा ताडकन उभी राहिली. "एक नाही गेली."

वस्तीच्या मागं, पाणवठ्याच्या वरच्या अंगाला, गावाचा एक ओसाड माळ होता. हौसानं तिथं खड्डा खणला. पहार नव्हती, म्हणून फुटक्या विळ्यानं आणि नखांनी खणला. परी तिच्या खांद्यावर बसून सांगत होती. फांदीचा कापलेला भाग सुकला आहे ना, मग चांगलं, नाहीतर कुजला असता. तुरा काढून टाक, आता तिला फुलं नकोत, मुळं हवीत. तिरकी नको लावू, सरळ. माती पायानं दाब. भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण कर, नाहीतर शेळ्या हजर.

परी त्या काठीच्याच एका बेचक्यात राहायला गेली. गाव हसलं. "हौसा काठीला पाणी घालते," असं म्हणत बाया पाणवठ्यावर जायच्या. काठी तशीच उभी. हौसाला धीर धरवेना, म्हणून एकदा तिनं हंडाभर पाणी ओतलं, तर परी निथळत बाहेर आली. "मला बुडवतेस का? थोडं पाणी, आणि माती सुकल्यावर. झाडाला घाई कळत नाही."

"पाखरांना भूक तर कळते," हौसा म्हणाली. आणि त्या वसंतात ती आपल्या वाटणीचा गुळाचा खडा पाण्यात विरघळवून करवंटीत घालून माळावर ठेवत राहिली. चार-दोन पाखरं प्यायची. बाकीची उपाशीच उडून जायची, आणि हौसा त्यांच्याकडे बघत उभी राहायची.

एका सकाळी काठीवर पोपटी कोंब दिसला, उंदराच्या कानाएवढा. हौसानं आईला हाका मारमारून बोलावलं. आई आली, वाकून बघितलं आणि कधी नव्हे ते मोठ्यानं हसली.

कोंबाच्या डहाळ्या झाल्या, डहाळ्यांवर तीन-तीन पानांचे हिरवे पंखे आले. एक उन्हाळा गेला, दुसरा गेला. पांगारा हौसापेक्षा उंच झाला.

मग एक दिवस काचबागेत वाऱ्यानं एक गुलाबी फूल फुटलं. ते झाडून काढताना हौसाच्या आईचा उजवा हात कापला. जखम चिघळली, हात सुजून टम्म झाला. महालाचा कारभारी म्हणाला, "हात चालत नसेल, तर उद्यापासून येऊ नकोस." आणि फुटलेल्या फुलाबद्दल तिलाच बोल लावला.

हौसा धावत माळावर आली. धाप लागली होती. "परी, त्या बाईसाहेबांचाही हात असाच कापू दे. याहून जास्त कापू दे. काच त्यांची, हौस त्यांची, आणि रक्त माझ्या आईचं? वर तिचाच दोष?"

परीच्या केसांतली कळी मिटलेलीच राहिली.

"उमलत का नाही? मी स्वतःसाठी नाही मागत."

"मलाही तसंच वाटतंय, हौसा," परी हळू आवाजात म्हणाली. "पण दुसरा हात कापून पहिला बरा होत नाही."

हौसा पांगाऱ्याच्या बुंध्याशी जाऊन बसली. राग कमी झाला नाही. पण झोपडीतून आईचं कण्हणं ऐकू येत होतं. शेवटी ती म्हणाली, "आईचा हात बरा कर."

दुसरी कळी उमलली. उजेडाचा एक धागा तरंगत तरंगत झोपडीत शिरला आणि कण्हणं थांबलं. हौसा आत गेली तेव्हा आई दोन्ही हात उलटेपालटे करून बघत होती. काचबागेत मात्र ती परत गेली नाही. मायलेकींनी रानातून शेणी वेचल्या, पत्रावळी लावल्या, कसेबसे दिवस काढले.

आणि मग तो वसंत आला. पांगाऱ्याची पानं गळाली, फांद्या उघड्या झाल्या. एके सकाळी हौसा दार उघडून बाहेर आली आणि जागच्या जागी थांबली. माळावर लालच लाल पेटलं होतं. प्रत्येक फांदीच्या टोकाला लाल तुरा, प्रत्येक तुऱ्यावर एक पाखरू. मैना भांडत होत्या, बुलबुल गात होते, हळद्या फुलात डोकं खुपसून बसला होता, मधमाश्यांचा गुंजारव लांबून ऐकू येत होता. निळेजांभळे शिंजीर फुलाफुलांत शिरून, पिवळ्या परागांनी कपाळं माखून बाहेर येत होते. गावातली सगळी माणसं पाणवठ्यावर कळश्या टेकवून वर बघत उभी होती. कुणी हसलं नाही.

वर महालात बाईसाहेबांचे पाहुणे जमले होते. पण ते काचेची फुलं बघेनात. सगळे कठड्याशी गर्दी करून खाली माळाकडे बोट दाखवत होते. "केवढी पाखरं ती. खाली जाऊन बघू या का?"

दुपारी बैलगाडी खडखडत माळावर आली. मागून मेणा आला, मेण्यातून मदालसाबाईसाहेब उतरल्या. बरोबर कुदळीवाले गडी होते आणि कुऱ्हाड घेतलेले म्हाळूकाका.

"हे झाड मुळासकट काढा आणि माझ्या बागेत नेऊन लावा," बाईसाहेब म्हणाल्या.

हौसा मध्ये आली. "का?"

"फांदी माझ्या बागेतली. म्हणजे झाड माझं."

"तुमच्या बागेत होतं तेव्हा तुम्ही त्याला सरपण म्हणालात," हौसा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण माळावरच्या प्रत्येकाला तो ऐकू गेला. "चुलीत घालायला वाटून टाकलंत. मी नखांनी खड्डा खणला तेव्हा तुम्ही आला नाहीत. शेळ्या हाकलल्या तेव्हा आला नाहीत. आता फुललं, तर तुमचं? आणि आता उपटलंत, तर ते मरेल. पाखरांना भरल्या ताटावरून दुसऱ्यांदा उठवणार तुम्ही."

"म्हाळू, काय बघतोस? फांद्या छाट म्हणजे गाडीत मावेल."

म्हाळूकाकांनी पांगाऱ्याकडे बघितलं, हौसाकडे बघितलं आणि कुऱ्हाड जमिनीवर ठेवली. "बाईसाहेब, एकदा केलं हे पाप. दुसऱ्यांदा व्हायचं नाही माझ्या हातून."

"मग गडी करतील," बाईसाहेब म्हणाल्या. गड्यांनी कुदळी उचलल्या.

हौसानं वर बघितलं. फुलांच्या गर्दीत परी उभी होती. केसांत शेवटची कळी. हौसाच्या मनात किती काय काय आलं. गाडी मोडू दे. बैल पळू देत. महाल कोसळू दे. पण ती ते बोलली नाही. तिनं फांद्यांवरच्या पाखरांकडे बघितलं आणि म्हणाली, "यांना बोलता येत नाही, म्हणून यांच्यासाठी मी मागते. बाईसाहेबांना पाखरांची भूक कळू दे. थोडाच वेळ. एका काचेच्या फुलावरून दुसऱ्या काचेच्या फुलावर जायला पाखराला जेवढा वेळ लागतो, तेवढाच."

परी विचारात पडली. "हे कुणाचं वाईट मागणं झालं का?"

"भूक लागणं वाईट असेल, तर ते पाखरांच्या वाट्याला का?" हौसा म्हणाली.

तिसरी कळी उमलली.

बाईसाहेब बोलता बोलता थांबल्या. त्यांचा हात पोटाशी गेला. त्या जरीच्या लुगड्यासकट धुळीत खाली बसल्या. अशी भूक त्यांना जन्मात लागली नव्हती. डोंगर ओलांडून आलेल्या, दोन दिवस काही न मिळालेल्या इवल्याशा जिवाची भूक होती ती. त्यांनी वर टेकडीकडे बघितलं. तिथं त्यांची बाग लखलखत होती, फुलंच फुलं, गुलाबी, जांभळी, मधाच्या रंगाची, आणि त्यांच्या डोळ्यांत आशा आली. मग त्यांना आठवलं, की ती काच आहे. त्यांच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. माणसाचा वाटत नव्हता तो.

तेवढ्यात पांगाऱ्याचं एक फूल गळून त्यांच्या ओच्यात पडलं. बाईसाहेबांनी ते दोन्ही हातांनी उचललं, ओठांना लावलं आणि त्यातला थेंबभर गोड रस शोषून घेतला.

आणि भूक गेली. वेळ संपला होता.

वर पाखरांचा कलकलाट चालूच होता. बाईसाहेब तशाच धुळीत बसल्या होत्या. मग गड्यांकडे न बघताच त्या म्हणाल्या, "कुदळी ठेवा." आणि हौसाला म्हणाल्या, "मला ठाऊक नव्हतं."

"विचारलंच नाहीत तुम्ही," हौसा म्हणाली. तिचा राग अजून गेला नव्हता, आणि तिनं तो गेल्याचं सोंगही केलं नाही.

"मग आता मी काय करू?"

"फुलं सरली की या. एक फांदी देईन. ती तुमच्या बागेत लावा. गड्यांच्या हातानं नाही, तुमच्या हातानं."

बाईसाहेब आल्या. पायी आल्या आणि फांदी घेऊन गेल्या. पण घाई ही त्यांची जुनी खोड. त्यांनी रोज दोन हंडे पाणी ओतलं आणि फांदी कुजून गेली. पुढच्या वर्षी खालमानेनं पुन्हा आल्या. हौसानं पुन्हा फांदी दिली आणि पाणी किती घालायचं ते दोनदा सांगितलं. त्या वेळी मात्र कोंब फुटला. मग बाईसाहेबांनी काचेची फुलं उतरवली, कासारांना बोलावून त्यांच्या बांगड्या करवल्या आणि पंचक्रोशीतल्या पोरींना वाटल्या. चांदीच्या तारा मोडून त्यांतून हौसाच्या आईला आणि बागेत हात कापलेल्या सगळ्या बायांना त्यांचं देणं दिलं. ते देणं हौसानंच मागितलं होतं, अगदी ठणकावून.

टेकडीवरच्या पांगाऱ्याला पहिला तुरा आला, त्या सकाळी परी हौसाच्या तळहातावर येऊन उभी राहिली. झग्याची झालर आता नवी होती, पंख अख्खे होते, आणि केसांत एकही कळी नव्हती.

"आता मी जाते," ती म्हणाली. "दोन घरं झाली माझी. स्वतःला फुलाफुलांत वाटून द्यायचं आहे मला."

"म्हणजे पुन्हा दिसणार नाहीस?"

"अशी नाही दिसणार." परीनं हौसाच्या खरखरीत बोटांवर आपला चिमुकला गाल टेकवला. "स्वतःसाठी तू काही मागितलं नाहीस. पण मी देणार आहे, आणि देणं नियमात बसतं. तुला हातगुण देते. तू लावशील ती फांदी जगेल. खडकात लाव, माळात लाव. तिला फुलं येतील आणि कुणीतरी उपाशी जीव तिथं येऊन पोटभर जेवेल."

हौसाचे हात कोमट झाले. परी लाल झाली, मग केशरी, मग पिवळी, मग सगळ्या रंगांची एकदम. तिचे पंख उन्हात मिसळले. तो उजेड माळावरच्या आणि टेकडीवरच्या पांगाऱ्यावर पसरला, प्रत्येक फुलात एकेक ठिणगी होऊन शिरला, आणि हौसाचा तळहात रिकामा झाला. झाडावर शिंजिरांचा किलबिलाट चालूच होता.

आई दारातून हाक मारत होती. बाहेरगावची एक बाई आली होती, घामाघूम, पायांवर धूळ. हौसाचा हातगुण तिला अजून ठाऊक नव्हता. फांदीपासून झाड करणारी मुलगी इथं राहते, एवढंच तिच्या कानावर आलं होतं.

"आमच्या चावडीपुढं मोठा पांगारा होता गं," ती बाई म्हणाली. "परवा तोडला. पाखरांची घाण होते म्हणून."

"कुणी तोडला?" हौसानं विचारलं.

आणि उत्तर ऐकत ऐकतच तिनं पांगाऱ्याची दंडाएवढी एक फांदी कापून खांद्यावर टाकली आणि ती त्या बाईच्या पुढं चालू लागली.